रिकामी ओळ कोणाची?

यादी करणे हे अगदी सोपे काम आहे, असा आपला एक समज असतो. नाव, गाव, उत्पन्न, खाते क्रमांक असे रकाने आखायचे आणि माणसे त्यांत बसवायची. पूर्वी हे काम रजिस्टरात होत असे, आता ते एक्सेलमध्ये होते. त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात. एवढ्या अफाट कागदावर काही जागा कोऱ्या राहिल्या तर नवल नाही. मग ओघानेच आदेश येतो, ''रिकामे काढा, यादी स्वच्छ करा!''

हा आदेश चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. पूर्ण कोरी ओळ खरोखरच घातक असते. मध्येच अशी ओळ आली की यादी तेथेच संपली असे संगणक समजतो, आणि नावे क्रमाने लावताना खालची माणसे बाहेर राहतात. तेव्हा ती ओळ काढलीच पाहिजे. प्रश्न आहे तो कशी काढायची हा.

प्रचलित युक्ती अशी की, 'गो टू स्पेशल'मधून 'ब्लँक्स' निवडायचे आणि त्यांच्या सबंध ओळी डिलीट करायच्या. क्षणात यादी चकचकीत होते. परंतु येथे संगणक कोरी ओळ शोधत नाही, कोरे घर शोधतो. नाव, गाव, गुण सर्व काही असून फक्त ई-मेलचे घर रिकामे असले, तरी ती ओळ जाते. खालच्या ओळी वर सरकतात आणि कोणी गेले याचा मागमूसही उरत नाही.

अशी घरे कोणाची रिकामी असतात? ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी कॉलेजची पायरी चढले, त्यांची. पालकांना ई-मेल नसतो, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायचा असतो, वडील कामासाठी तेलंगणात गेलेले असतात. म्हणजे शिष्यवृत्तीची ज्यांना सर्वांत अधिक गरज, तेच प्रथम गळतात.

आपल्या सातबाऱ्याचेच पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने मोबाईलवरून स्वतः पीक नोंदवावे असे ठरले. ज्याला ते जमले नाही त्याचा पिकाचा रकाना कोरा राहतो, रान मात्र सोयाबीनने भरलेले असते. हमीभावाच्या खरेदीला तर हीच नोंद पाहतात. रकाना कोरा म्हणून शेत कोरे ठरते काय?

रकान्यांचेही तसेच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे राज्यात बंधनकारक झाले. जुन्या यादीत हा रकाना नव्याने घातला तर आरंभी तो रिकामाच दिसणार. म्हणून तो काढायचा नसतो, भरायचा असतो.

उपाय अवघड नाही. प्रथम मूळ यादीची प्रत ठेवावी. शेवटी एक रकाना वाढवून 'काउंटए' या सूत्राने प्रत्येक ओळीतील भरलेली घरे मोजावीत. शून्य येईल तीच ओळ काढावी. जेथे एखाददुसरे घर रिकामे असेल, तेथे ओळ पुसू नये, त्या माणसाला बोलावून विचारावे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत अशा याद्या करायला बसतील. त्या वेळी यादी स्वच्छ करण्याच्या घाईत आपल्याच गावचा माणूस पुसला जाऊ नये, एवढी काळजी आपण घेतली तरी शिकल्याचे सार्थक होईल.