विलगकारी नरसाळे विद्यार्थ्याच्या हाती द्यावे

कुचल्याची शुद्धी झाली, एवढे म्हणून भागत नाही. त्यात स्ट्रिक्नीनादी अल्कलॉइडे किती उरली, हे मोजावे लागते. त्यासाठी त्याचा अम्लयुक्त अर्क अमोनियाने अल्कधर्मी करून क्लोरोफॉर्मसह विलगकारी नरसाळ्यात हलवितात. ही क्रिया केवळ फळ्यावर शिकविता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोंडलेले बाष्प तोटीतून केव्हा सोडावे, हे हातालाच कळते. (जोराने घुसळणाऱ्या उतावळ्याला पायस फुटेपर्यंत ताटकळावे लागते!) वितरण गुणांक ४ असता १०० मिली पाण्यातील द्रव्य १०० मिली द्रावकाने एकदाच काढल्यास २० टक्के मागे राहते, २५-२५ मिलीने चारदा काढल्यास अवघे ६.२५ टक्के. उद्या जांब्यासारख्या मुळशीतील गावी कुचल्याचे कल्प देणाऱ्या वैद्याने हे एकदा तरी स्वहस्ते केलेले असावे. फार्मसीमालकांनी आपल्या प्रयोगशाळेतील एक टेबल महिन्यातून एक दिवस विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवावे.