पडवीतला कारखाना

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, इरशाळगडाच्या पायथ्याशी चौक हे गाव आहे. कर्जत, खालापूर आणि पनवेल या तिन्ही बाजूंना जोडणाऱ्या या टापूत गेल्या काही वर्षांत शेतघरे, बंगले आणि विश्रामधामे झपाट्याने उभी राहिली. त्यांचे दरवाजे, खिडक्या, पलंग आणि कपाटे यांपैकी काही माल शहरातून तयार येतो. परंतु बरेचसे काम आजही सुताराच्या घरी, पुढच्या पडवीत किंवा मागील दारच्या पत्र्याच्या छपरात होते. इंग्लंड-अमेरिकेत घरगुती सुतारकाम तळघरात चालते आणि तेथील धुळीची पुष्कळ चर्चा होते. आपल्याकडच्या पावसात तळघर पाण्याने भरून जाईल. म्हणून आपले तळघर म्हणजे ही पडवी. तिच्या एका अंगाला सुताराची करवत फिरत असते, तर दुसऱ्या अंगाला चूल पेटलेली असते. मधल्या जागेत मुले अभ्यासाला बसतात. या पडवीतल्या धुळीचा प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर आजवर आला नाही. तो का यावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

‘आमच्या आज्याने जन्मभर लाकूड तासले, त्याला काही झाले नाही,’ असे उत्तर या विषयावर हमखास ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. हातरंध्याने तासलेल्या लाकडाच्या ढलप्या निघतात आणि हातकरवतीचा भुसा जाडसर असल्याने पायाशी पडतो. परंतु विजेवर चालणारी करवत, राऊटर आणि विशेषतः घासकामाचे यंत्र यांतून निघणारी धूळ इतकी बारीक असते की ती डोळ्यांना धड दिसत नाही. ती तासन् तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाते. अवजारे बदलली, पण पडवी तीच राहिली आणि सवयीही त्याच राहिल्या. पावसाळ्यात तर झड आत येऊ नये म्हणून पडवी ताडपत्रीने बंद केली जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत गणपतीच्या मखरांची, पाटांची व चौरंगांची घाई असते. धुळीला बाहेर जाण्याची वाटच उरत नाही.

या धुळीने काय होते? साग आणि शिसव यांच्या धुळीने कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते, शिंका थांबत नाहीत, दमा जडतो. याहून गंभीर गोष्ट इंग्लंडमधील हाय विकम या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने जगाला शिकवली. १९६० च्या दशकात तेथील डॉक्टरांच्या असे ध्यानात आले की, नाकाच्या पोकळीचा एक अतिशय विरळा कर्करोग फर्निचर कामगारांमध्ये पुन्हा पुन्हा आढळतो आहे. पुढे इतर देशांतही तसाच अनुभव आला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या चिकात वापरले जाणारे फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात आहे. हा रोग धुळीशी संबंध आल्यावर कित्येक वर्षांनी, बहुधा दशकांनी प्रकट होतो. युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम इतकी खाली आणली आहे.

हाय विकमचे दुखणे उघडकीस आले, कारण तेथे कामगार कारखान्यांत एकत्र होते आणि त्यांचा व्यवसाय रुग्णालयाच्या कागदावर लिहिला जात होता. आपला सुतार एकटा असतो. त्याला धाप लागली, तर केसपेपरवर दमा लिहिला जातो. तो काय काम करतो हे त्यावर सहसा लिहिले जात नाही. जे लिहिले जात नाही, ते शासनाच्या लेखी घडतही नाही.

येथे प्रश्न कायद्याचा होतो. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या जागेलाच कारखाना मानले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडली, तेव्हा कायद्याची ही स्थिती होती. १८९१ मध्ये हा आकडा पन्नासावर आला, १९२२ मध्ये विसावर, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये, विजेचा वापर असल्यास, दहावर. त्या १९४८ च्या कायद्याचे १४ वे कलम धूळ जेथे निर्माण होते तेथेच ती ओढून घेण्याची सोय मालकाने करावी असे सांगत होते. ८५ व्या कलमाने दहाहून कमी कामगारांच्या जागेलाही कायदा लावण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला होता. मात्र मालक केवळ कुटुंबियांच्या साह्याने काम करीत असेल, तर ती जागा त्यातूनही वगळली होती. म्हणजे कायदा पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तेथेच थांबला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील आकडा पुन्हा वीसवर नेला आहे. सदुसष्ट वर्षांत खाली आणलेली ही पायरी एका फटक्यात वर उचलली गेली. धूळ मात्र माणसे मोजून नाकात शिरत नाही.

‘घराघरांत इन्स्पेक्टर शिरला तर लाचखोरी वाढेल आणि गरीब सुताराचा धंदाच बसेल,’ असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे आणि आपण तो टाळता कामा नये. सुताराला दंड करणारा कायदा आपल्याला नकोच. जो ठेकेदार पन्नास दरवाज्यांची मागणी पडवीत पाठवतो, तो कारखान्याचे भाडे, वीज, विमा आणि धुळीचा बंदोबस्त या सर्वांचा खर्च वाचवत असतो. तो खर्च सुताराचे कुटुंब आपल्या फुप्फुसांतून भरते. भुसा झाडणारी त्याची बायको तर मजुरीच्या हिशेबात कोठेच नसते. म्हणून जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली पाहिजे. घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये झाला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ती द्यावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. घासकाम शक्य तितके उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावे. स्वयंपाकघराकडचे दार तेवढा वेळ बंद ठेवावे. यंत्राच्या तोंडाशीच नळी लावून धूळ ओढून घेणारे, बारीक गाळणी असलेले यंत्र हा खरा उपाय होय. कोरड्या केरसुणीने झाडू नये किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकू नयेत. भुसा ओला करून उचलावा व फडके ओले करून पुसावे. नाकाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही; चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि तोही इतर उपायांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नव्हे. अळशीच्या तेलाची फडकी भुशात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. ती झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.

धूळ ओढणारे चांगले यंत्र एकट्या सुताराला परवडत नाही, ही गोष्ट खरी. येथेच संघटनेचे काम सुरू होते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुताराला अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे. तिच्यात धुळीच्या बंदोबस्ताचे साधन सक्तीने असावे, अशी मागणी आपण करावी. पाच-दहा सुतारांनी सहकारी तत्त्वावर एक सामायिक घासकाम-शेड उभारावी आणि ग्रामपंचायतीने तिला जागा द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रत्येक केसपेपरवर रुग्णाचा व्यवसाय लिहिला जावा, यासाठी पैसाही लागत नाही.

चौक, कर्जत आणि खालापूर येथील कार्यकर्त्यांनी या पावसाळ्याआधी आपल्या गावातील सुतारांच्या पडव्या पाहाव्यात. कोण किती वर्षे हे काम करतो, कोणाला धाप लागते, कोणाच्या नाकातून वरचेवर रक्त येते, याची साधी वही करावी. दहाचा आकडा कायद्यात आपोआप आला नव्हता. त्यामागे नोंदी, निवेदने आणि संप होते. एकाच्या आकड्यापर्यंत जायचे असेल, तर आरंभ या वहीपासूनच करावा लागेल.