लाल नट आणि लोखंडी कडी : जुन्या ट्रकांच्या चाकांतला विसरलेला धडा

१/ उल्हासनगरात पत्ता आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असाच सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धात येथे ‘कल्याण कॅम्प’ ही लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव लाभले. छावणीचा हा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. त्या काळातील लष्करी वाहनांच्या चाकांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

२/ त्या युद्धात एकट्या कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बांधली. त्यांतील फोर्ड आणि शेव्हरोले ट्रक हिंदुस्थानातील फौजेकडेही आले, अमेरिकेतून विलीज जीप आल्या. युद्ध संपल्यावर अशी वाहने ‘डिस्पोजल’चा माल म्हणून विकली गेली. त्यांपैकी जी तगली, ती आज हौशी संग्राहकांच्या अभिमानाचा विषय आहेत.

३/ ट्रकच्या टायरच्या काठात पोलादी तारेचे कडे असते. ते ताणून अखंड रिमवर चढवणे कठीण. म्हणून रिमच सुटी होईल अशी घडवली गेली. तिचे मुख्य प्रकार दोन : बोल्टांनी जोडलेली दोन अर्धुके, किंवा एक अखंड डिस्क आणि तिच्या खाचेत बसणारी लोखंडी कडी, म्हणजेच लॉक रिंग.

४/ पहिल्या प्रकारात चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. आतले नट चाक गाडीला धरून ठेवतात, बाहेरचे रिमची दोन अर्धुके एकमेकांना. हवा भरलेली असताना बाहेरचे नट सोडले, तर अर्धुके स्फोटासारखी विलग होतात. म्हणून ब्रिटिश लष्करात हे नट लाल रंगवण्याची पद्धत होती. तो लाल रंग म्हणजे अक्षरांवाचून दिलेला इशारा होता. जुनी जीप चकचकीत रंगवताना नेमका तोच इशारा पुसला जातो.

५/ दुसरा प्रकार नागरी ट्रकांत रुळला. वीस इंची रिमच्या मोठ्या टायरमध्ये पूर्ण दाबाची हवा असताना टायर बाजूच्या कडीला दहा टनांहून अधिक जोराने बाहेर ढकलतो. ही सारी ताकद खाचेत बसलेल्या एका कडीने पेललेली असते. कडी निसटली, तर समोर वाकलेल्या माणसाला हलायलाही अवसर मिळत नाही.

६/ कडी निसटण्याची कारणे अनाकलनीय नाहीत. गंजाने झिजलेली खाच, वाकलेली किंवा तडकलेली कडी, एका बनावटीच्या डिस्कवर दुसऱ्याच बनावटीची कडी, हवा कमी असताना गाडी तशीच पळवून मग जागेवरच पुन्हा भरलेली हवा, आणि सर्वांत घातक म्हणजे हवा भरत असताना कडीवर हाणलेला घण.

७/ अमेरिकेने १९८० साली अशा चाकांच्या दुरुस्तीसाठी कामगार-सुरक्षेचे स्वतंत्र नियम केले. त्यांचे सार सोपे आहे : चाक उघडण्यापूर्वी वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी, सुटे भाग तपासावेत, हवा पोलादी पिंजऱ्यात आणि लांब नळीने भरावी, कडीच्या समोर उभे राहू नये, दाबाखालील कडीला हातोडा लावू नये.

८/ बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या मुक्कामावरून पडले, असे परंपरेने सांगितले जाते. आज या पट्ट्यात घोड्यांऐवजी टायर बदलले जातात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे येथे मालमोटारींचा राबता असतो. जुना ट्रक जपणाऱ्या हौशी मालकाचे चाकही अखेर एखाद्या टायरवाल्याच्या पोरापुढेच येऊन पडते. हौस एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही.

९/ मूळ रूप जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. नीट बसवलेल्या सुट्या रिमनी दशकानुदशके ओझी वाहिली आहेत, आणि अखंड रिम घातली की वाहनाचा ऐतिहासिक अस्सलपणा थोडा उणावतो, हेही खरे. पण गंज हा अस्सलपणाचा भाग नव्हे. जे वाहन केवळ प्रदर्शनात उभे राहणार, ते ठोकळ्यांवर उभे करून टायरांत जेमतेम हवा ठेवता येते. जे रस्त्यावर धावणार, त्याच्या मालकाने जुळणारे, तपासलेले भाग आणि पिंजरा असलेले दुकान शोधावे. जुळणारी कडी मिळत नसेल, तर अखंड रिम लावावी आणि मूळ चाक वस्तू म्हणून जतन करावे.

१०/ जुने यंत्र जपणे म्हणजे त्याचे लोखंड आणि ते हाताळण्याची विद्या, दोन्ही जपणे. छावणीतल्या मेकॅनिकला लाल नटाचा अर्थ शिकवला जाई. तो अर्थ पुढच्या पिढीला न सांगता केवळ चाक सोपवणे, ही वारशाची जपणूक नव्हे. एखादा जुना ट्रक प्रदर्शनात दिसला, तर त्याच्या सनावळीइतकीच चौकशी त्याच्या चाकांचीही व्हावी.