लकवा मारलेला हात आणि गेमचा रिमोट : विकत घ्यावा की नाही?

घरात कुणाला लकवा मारून गेला, दवाखान्यातून सुट्टी झाली, की थोड्याच दिवसांत एक प्रश्न येतो. पुण्यात किंवा हैदराबादला नोकरी करणारा मुलगा, पुतण्या किंवा भाचा मोबाइलवर व्हिडिओ पाहतो आणि विचारतो, "डॉक्टर, तो हात हलवून खेळायचा गेम असतो ना, तो कॉम्प्युटरला जोडला तर बाबांचा हात सुधारेल का?"

माझं मत आधीच सांगतो. घरात असा रिमोट पडून असेल तर तो जरूर वापरा. पण व्यायामाच्या जोडीला वापरा, व्यायामाऐवजी नको. आणि केवळ यासाठी कर्ज काढून, उसनवारी करून महागडं यंत्र विकत घेऊ नका. असं का म्हणतो, ते समजून घ्या.

हे यंत्र काम कसं करतं?

निन्टेन्डो कंपनीचा 'वी' हा खेळ 2006 साली बाजारात आला. त्याच्या रिमोटमध्ये एक छोटी चिप असते. हात किती कलला, किती वेगाने हलला, हे ती ओळखते. हा रिमोट ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे तो कॉम्प्युटरलाही जोडता येतो. जुन्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नसेल तर एक छोटा डोंगल लावावा लागतो. मग एखादं सॉफ्टवेअर हाताची हालचाल पडद्यावरच्या बाणात किंवा चेंडूत बदलतं.

दुसरा प्रकार म्हणजे मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट'. तो 2010 मध्ये आला. यात हातात काहीच धरायचं नसतं, समोरचा कॅमेराच शरीराची हालचाल टिपतो. ज्यांची मूठ वळत नाही त्यांना हे सोयीचं. पण त्याचं उत्पादन 2017 मध्ये बंद झालं. आता जुनाच मिळतो आणि कॉम्प्युटरला जोडायला वेगळा अडॅप्टर लागतो. तो नसेल तर यंत्र नुसतं शोभेला राहतं.

मग हात सुधारतो कशाने?

लकव्यात हाताचं काही बिघडलेलं नसतं, बिघाड मेंदूत असतो. मेंदूचा काही भाग मरतो. तो परत जिवंत होत नाही, पण आजूबाजूचा भाग हळूहळू त्याचं काम शिकू शकतो. शिकायला लागते पुनरावृत्ती. लहान मूल चालायला शिकताना किती वेळा पडतं आणि उठतं, तसंच. एकच हालचाल, लक्ष देऊन, शेकडो वेळा. सुधारणेचा सर्वांत मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पदरात पडतो. नंतरही सुधारणा होते, पण वेग कमी होतो.

आणि नेमके हेच तीन महिने आपल्याकडे वाया जातात. सोनपेठ किंवा पालमच्या एखाद्या खेड्यातून रोज परभणीला फिजिओथेरपीसाठी येणं म्हणजे गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि उन्हातला प्रवास. चार दिवस येतात, मग येणं थांबतं. घरी "दहा वेळा हात वर करा" हा व्यायाम कंटाळवाणा असतो. मग रुग्ण बाजेवर पडून राहतो, सगळं काम चांगल्या हाताने करतो, आणि लकव्याचा हात वापरायचाच नसतो, हे मेंदू शिकून जातो.

गेमचा खरा उपयोग इथे आहे. यंत्रात औषध नाही, पण कंटाळा न येता मोजून हालचाल करून घ्यायची युक्ती त्यात आहे. कालचे गुण आज मोडायचे, ही ईर्षा माणसाला हात हलवायला लावते.

संशोधन काय म्हणतं?

कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या देशांत 141 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला अर्ध्या रुग्णांना 'वी'चे खेळ दिले आणि उरलेल्यांना पत्ते, चेंडू असे साधे खेळ दिले. वेळ दोन्हीकडे सारखाच. हाताची सुधारणाही दोन्हीकडे सारखीच निघाली!

2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 72 अभ्यास एकत्र करून पाहिले. हाताच्या बाबतीत असे खेळ नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाहीत. पण नेहमीच्या उपचारात भर म्हणून वापरले आणि त्यामुळे व्यायामाचा एकूण वेळ वाढला, तर फायदा होऊ शकतो, असं दिसलं.

याचा अर्थ आपल्यासाठी फार मोलाचा आहे. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याचं काही अडलेलं नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, तुरीची डाळ निवडणं, कपाशीच्या बोंडातून कापूस काढणं, पत्ते पिसणं, कॅरम खेळणं, नातवाबरोबर चेंडू झेलणं हे सगळं त्याच तोलाचं काम आहे. अट एकच, लकव्याचा हात त्यात सामील हवा. आणि लाईट गेली तरी शेंगा फोडता येतात.

वापरणार असाल तर एवढं सांभाळा

1. आधी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. कोणती हालचाल हवी हे ते ठरवतील. गेमला फक्त गुण कळतात. मनगटाला नुसता झटका देऊनही गुण मिळतात, पण त्याने खांदा आणि कोपर शिकत नाहीत.

2. हात लुळा असेल तर खांदा सांध्यातून खाली सरकलेला असू शकतो. अशा वेळी विचारल्याशिवाय हात खांद्याच्या वर नेऊ नका. रुग्णाचा लकव्याचा हात धरून ओढू तर अजिबात नका.

3. सुरुवात बसूनच करा. पाठ टेकलेली, खुर्ची हात असलेली, न सरकणारी. उभं राहून खेळायचं ते तोल चांगला असेल तरच, आणि बाजूला माणूस उभा असेल तरच.

4. मूठ वळत नसेल तर रिमोट मऊ कापडाने हाताला सैल बांधता येतो. पण लकव्याच्या हाताला दुखणं अनेकदा नीट कळत नाही. दर काही मिनिटांनी सोडून सूज, लाली पाहा.

5. काही रुग्णांना डावीकडचं भानच राहत नाही. ते पडद्याच्या डाव्या भागातला चेंडू सोडून देतात. त्यांना रागावू नका. ते आळशी नाहीत, तो आजाराचाच भाग आहे. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला बसा आणि तिकडून आठवण करा.

6. बाण मोठा आणि वेग कमी ठेवा. बाजारातले गेम धडधाकट पोरांसाठी बनवलेले असतात. सारखं हरलं की माणूस खचतो.

7. दहा-पंधरा मिनिटं खेळ, मग विश्रांती. 2007 मध्ये एका तरुण डॉक्टरने तासन् तास 'वी'वर टेनिस खेळून स्वतःचा खांदा दुखावून घेतल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं आहे. तरुणाची ही गत, तर सत्तरीतल्या माणसाचं काय?

8. फिट येत असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. खेळताना अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दुसरा हात-पाय गळाला तर लगेच 108 ला फोन करा. "झोपून उठल्यावर बरं वाटेल" म्हणून थांबू नका.

शेवटी पैशाचं

लकव्यानंतर घरात पैसा कमी आणि सल्ले जास्त असतात. कुणी तेल सुचवतं, कुणी कबुतराचं रक्त, कुणी परदेशी यंत्र. हातात असलेला पैसा आधी रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांवर, मग फिजिओथेरपीच्या फेऱ्यांवर खर्च करा. दुसरा झटका टाळणं हे पहिल्या झटक्यातून हात सुधारण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि गोळ्या बंद केल्या तर कोणताही गेम तो टाळू शकणार नाही. यातून काही उरलं, आणि घरात कॉम्प्युटर असेलच, तर जुना रिमोट घ्यायला माझी हरकत नाही.

मुलांनो, तुम्ही पुण्याहून रिमोट पाठवाल, तो जोडूनही द्याल. पण रोज समोर बसून "बाबा, आज किती झाले?" असं विचारणारं कुणीतरी लागेल. ते काम कुणाकडे द्यायचं हे घरात आधी ठरवा. ते ठरलं की रिमोट आला तरी चालेल, आणि नाही आला तरी पायलीभर शेंगा पुरतील.