खोटी नोंद

२ एप्रिल २०२२च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे गेले. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. अभ्यासक म्हणाले, चिनी रॉकेटचं असावं. आमच्या सदाशिव पेठेतले नाना म्हणाले, "सरकार लपवतंय!"

नानांना हसू नका. १९५५पासून अमेरिकेचं यू-२ हेरविमान ६०,००० फुटांवर चमकायचं. लोक उडत्या तबकड्या म्हणून कळवायचे आणि हवाईदल खुशाल सांगायचं, बर्फाचे कण! सीआयएनं ते कबूल केलं १९९७ साली. आम्ही बँकेत एक खोटी नोंद केली तर संध्याकाळच्या आत सस्पेंड. हे लेजर बेचाळीस वर्षं बिनबोभाट! आता कड्याला कडं म्हटलं तरी नाना विचारणारच, "ते झालं हो. खरं काय?"