सिकलसेलचा ‘निल’ रिपोर्ट आणि कागदाची पट्टी

घाटंजी तालुक्यात ‘सिकल’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद छापली होती. देशपातळीवरची मोहीम मात्र १ जुलै २०२३ रोजी निघाली. चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांना तपासायचे, असा तिचा बेत.

तपासणीची जुनी स्वस्त रीत म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकतात. पाणी गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकल आहे. पण वाहक कोण आणि रोगी कोण, हे ती सांगत नाही. शिवाय अंगात रक्त फार कमी असेल तर पाणी पुरते गढूळच होत नाही. आपल्या बायाबापड्या रक्त कमी असतानाच निंदणाला, कापूस वेचायला जातात. खोटा ‘निल’ त्यांच्याच पदरी पडायचा! तान्ह्या बाळाच्या रक्तातही सिकलचे हिमोग्लोबिन थोडेच असते, म्हणून सहा महिन्यांच्या आत ही टेस्ट भरवशाची नाही.

मी कारकून माणूस, मला हे आकड्यांत कळते. शंभर बाधितांपैकी टेस्टने ९५ पकडले, तर पाच जण निश्चिंत होऊन घरी जातात.

ही कसर भरायला कागदाच्या पट्ट्या आल्या, गरोदरपण तपासतात तशाच. साधे ‘ए’ आणि सिकलचे ‘एस’ हिमोग्लोबिन वेगवेगळे ओळखणाऱ्या अँटीबॉडीज त्यात असतात. त्यामुळे बाळाच्या टाचेच्या थेंबातले थोडेसे ‘एस’सुद्धा सापडते, वाहक-रोगी हा फरकही कळतो. वीज नको, मशीन नको. मात्र एका कंपनीच्या पट्टीवर रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे, तर दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर रेघ न उमटणे म्हणजे आहे! तेव्हा अर्थ आपल्या मनाने लावू नका. नुकतेच रक्त चढवले असेल तर आधीच सांगा. दुसऱ्याच्या रक्तातले ‘ए’ दिसून रोगी माणूस वाहक ठरतो. पट्टीत सिकल निघाले तर मोठ्या मशीनवर, म्हणजे एचपीएलसीवर, खात्री करून घ्यावी लागते.

सोयरीक जुळवताना फक्त मुलीचा रिपोर्ट मागणारे पाहुणे मी पाहिले आहेत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. मुलाचा थेंब कुणी का मागत नाही?

माता-भगिनींनो, घरातला जुना ‘निल’ कागद काढा. कोणती टेस्ट, कोणत्या वयात, तेव्हा रक्त किती होते, ते बघा. शंका वाटली तर ग्रामीण रुग्णालयात कागद घेऊन जा आणि पुन्हा तपासायला सांगा.