‘हॅलो’चा गुन्हा काय?

२ ऑक्टोबर २०२२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, आमच्या वर्ध्यातून एका मोहिमेचा प्रारंभ झाला. शासकीय व अनुदानित संस्थांतील कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असा तो आग्रह होता. सक्ती नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ‘वंदे मातरम्’शीही आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्यामागे दिलेल्या कारणाशी. ‘हॅलो’ला विशिष्ट अर्थ नाही आणि त्यातून आपुलकी निर्माण होत नाही, असे ते कारण. मराठीचे अध्यापक म्हणून आम्ही येथे थबकलो, कारण या समजुतीचे पीक आमच्या वर्गांतही उदंड येते.

अभिवादनाच्या शब्दात अर्थ ठासून भरलेला असतो आणि तो उच्चारताच प्रेम पाझरू लागते, ही ती समजूत. तिचे लाडके उदाहरण म्हणजे हवाई बेटांचे ‘अलोहा’. ‘अलो’ म्हणजे सान्निध्य, ‘हा’ म्हणजे श्वास, म्हणून अलोहा म्हणजे प्राणाचे सान्निध्य, अशी फोड पर्यटनाच्या पत्रकांपासून आमच्याकडच्या व्याख्यानांपर्यंत सर्वत्र फिरते. भाषाशास्त्राच्या कसोटीला ती उतरत नाही. माओरीतील ‘अरोहा’, सामोअनमधील ‘अलोफा’, टोंगनमधील ‘ओफा’ ही त्याच एकसंध जुन्या शब्दाची भावंडे आहेत. त्यांच्या अर्थात प्रेमाबरोबर दया, कणव, कळवळा हे सारे येते. माओरीत ‘अरोहा माई’ म्हणून क्षमाही मागतात. ‘लव्ह’पेक्षा आपल्या ‘माया’ला जवळचा असा हा ऐवज आहे.

आणि माओरींचे नित्याचे अभिवादन ‘अरोहा’ नाहीच. ते म्हणतात ‘किया ओरा’, म्हणजे सुखरूप असा. किंवा ‘तेना कोए’. त्याचा शब्दशः अर्थ इतकाच की, ते तुम्ही आहात. शासकीय निकषाने हे ‘हॅलो’हूनही दरिद्री ठरावे! निरोप देताना जाणाऱ्याला ‘जा’ आणि मागे राहणाऱ्याला ‘राहा’ अशा अर्थाचे दोन वेगळे शब्द ते वापरतात. आमच्या घरातली म्हातारी माणसे ‘जातो’ म्हणू देत नसत, ‘येतो म्हण’ असे दटावत. उंबरा ओलांडताना ‘येतो’ म्हणणारा खोटे बोलतो, असे कोणाला वाटत नाही. मालिनोव्हस्कीने १९२३ मध्येच दाखवून दिले होते की, अशा बोलण्याचे काम माहिती देण्याचे नसून नाते जोडण्याचे असते. (भाषाविज्ञानाच्या पेपरात हे आम्ही दरवर्षी शिकवतो, आणि वर्गाबाहेर पडताच विसरतो.)

‘मराठीत आय लव्ह यू नाही, म्हणून मराठी माणूस कोरडा’ हे विधानही याच जातीचे. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य कानाला भाषांतरित वाटते खरे. पण हॉस्टेलवरच्या मुलीला आई फोनवर ‘जेवली काय? काय करून राहिली?’ असे विचारते, तेव्हा तिला भाजीचे नाव ऐकायचे असते काय?

वर्ध्याच्या बसस्थानकावर कान उघडे ठेवले तर राम राम, जय भीम, जय सेवा, जय गुरु हे सारे एका फेरीत ऐकू येते. पवनारच्या वाटेवर विनोबांचे ‘जय जगत’ही. यांतील एकेका शब्दामागे इतिहास आहे. ‘जय भीम’ रूढ करण्याचे श्रेय तर आमच्या विदर्भातील कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते.

आता या लेखाचे खरे कारण. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्राध्यापककक्षात एक विद्यार्थी दारातून ‘जय भीम, सर’ म्हणाला. ‘इथे नमस्कार म्हणायचे,’ असे त्याला सुनावले गेले. आम्ही मराठीचे अध्यापक तेथेच बसलो होतो. चहा पीत राहिलो.

१९८४ मध्ये ऑकलंडच्या टेलिफोन केंद्रात नायडा ग्लॅविश ही माओरी ऑपरेटर ग्राहकांना ‘किया ओरा’ म्हणत असे. वरिष्ठांनी मनाई केली, तिने ती मानली नाही. देशभर वाद पेटला आणि मनाई मागे घ्यावी लागली. तिच्या बाजूने लोक बोलले.

तो विद्यार्थी अजून कधीमधी रस्त्यात भेटतो. थांबतो, चौकशी करतो. आम्हाला तो ‘नमस्कार, सर’ म्हणतो.